हॉलच्या मधोमध एक दार

आमच्या सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बंद दाराच्या मागे उभे होते आणि त्या दाराला भिंत नव्हती.

डोळ्यांसमोर आणा. कोल्हापुरातल्या आमच्या आरोग्य प्रशिक्षण केंद्राचा लांबलचक हॉल. एका टोकाला फळा, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्च्यांची उतरंड, आणि मधोमध, चुकून दुसऱ्याच्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखं, एकटंच अवघडून उभं असलेलं लाकडी दार. चौकटीसकट, कडीकोयंड्यासकट. कुणाचं तरी घर पाडत होते तिथून सरांनी ते मागून आणलं होतं आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका दोस्ताकडून त्याला खाली लोखंडी पाय जोडून घेतले होते. दाराच्या अलीकडे आम्ही नव्याने लागलेल्या आरोग्य सेविका, खांद्याला कोऱ्या बॅगा. पलीकडे सर. दार बेताचं आणि सर ताडमाड, त्यामुळे चौकटीच्या वरून त्यांचं तोंड दिसत होतं. डोक्यावर पदर होता. पदराखाली मिशी होती.

"मी सासू हाय," मिशी म्हणाली. "आत माझी सून हाय, पोटुशी. एकेकीनं यायचं, दार वाजवायचं, आत येऊन सुनेचं बीपी बघायचं. लई सोपं काम हाय. या."

आमच्यातली सगळ्यात हुशार मुलगी पुढे झाली. तिने दाराकडे पाहिलं, दाराच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या हवेकडे पाहिलं, आणि सरळ वळसा घालून पलीकडे गेली.

सर किंचाळले. "अगंऽऽ! भिंतीतनं आली! भिंतीतनं आली ही! नर्स हाय का हडळ हाय?" पदर सांभाळत ते हॉलभर पळाले. "संध्याकाळपातूर गावात बोंब हुईल, नव्या बाई भिंतीतनं येत्यात म्हणून! पुन्हा एक बी बाई दवाखान्यात यायची न्हाय!"

ती मुलगी हुशार होती म्हणाले ना, ती त्या दिवसापासून दाराला वळसा घालायचाच म्हटलं तरी आधी काल्पनिक भिंतीला हात लावून बघायची.

माझी पाळी आली. मी कडी वाजवली आणि घोकलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार. मी आरोग्य विभागाकडून आले आहे."

"आमाला काय झाल्यालं न्हाय."

"तपासणी मोफत आहे, मावशी."

"फुकट हाय म्हंजे कायतरी खोट हाय."

"सूनबाई आहेत का घरात?"

"म्हायेराला गेल्या."

तेवढ्यात आतली सून, म्हणजे आमचीच एक मैत्रीण, खोकली.

"मग हे खोकलं कोण?" मी जोरात विचारलं. मला वाटलं, सापडली सासू.

"मांजार," सर म्हणाले आणि त्यांनी आतून कडी लावली. मग सरळ जाऊन चहा पिऊन आले. मी दाराबाहेर उभी. आजूबाजूला सगळा हॉल मोकळा होता, तरी मी त्या दाराबाहेरच उभी होते, यावरून सरांचा दरारा ओळखा.

पुढचे कितीतरी दिवस मी त्या दारात अपमान सोसले. सर कधी सासू असायचे, कधी "डॉक्टर लोक किडनी काढत्यात" म्हणणारे आजोबा, कधी खोकल्याची तपासणी नको म्हणून पोत्यामागे लपणारा फौंड्रीतला कामगार. प्रत्येकाचा आवाज वेगळा, चाल वेगळी. मिशी तेवढी सगळ्यांना एकच. शेवटी एकदा मी इतकी कंटाळले की बॅग खाली टाकली, दाराला टेकून बसले आणि म्हणाले, "मावशी, पाय लई दुखालेत. जरा बसू काय? पाणी मिळंल?"

आतून कडी निघाली. दार उघडलं. सर पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते आणि तोंडभर हसत होते.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "ही शिकली. आपण कायतरी द्याय आलोय म्हटलं की दार बंद. कायतरी मागितलं की उघडतंय. द्याय आलेल्याचं माणसाला भ्या वाटतंय. मागाय आलेल्याचं न्हाय."

मी पाणी प्यायले. तोपर्यंत आतली सून कंटाळून खरंच घरी निघून गेली होती.

*

सरांना फळ्यावरचं शिकवणं जमत नसे असं नाही. वरच्या कार्यालयातून पडद्यावर दाखवायची चित्रं यायची, ती ते इमानदारीने लावायचे. एकदा पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'समन्यायी आरोग्यसेवा'. सरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, यंत्र बंद केलं आणि म्हणाले, "ह्याचा अर्थ दुपारी जेवताना सांगतो."

दुपारी मिसळ होती. कोल्हापुरात मिसळ म्हणजे कट. बाकीचं सगळं कटाला सोबत म्हणून. सर स्वतः वाढायला उभे राहिले. पुढच्या रांगेला ओगराळंभर कट, तर्रीसकट. आम्ही पुढे बसलेल्यांनी आणखी मागितला, आणखी दिला. मधल्या रांगेपर्यंत पातेलं खरवडल्याचा आवाज येऊ लागला. शेवटच्या रांगेच्या ताटात सरांनी कोरडं फरसाण आणि पाव ठेवला.

"सर, कट?"

"संपला."

"असं कसं संपला? पुढच्यांनी दोनदा घेतला!"

"व्हय. पुढं बसल्यात न्हवं त्या." सर निवांत म्हणाले. "योजना सगळ्यांसाठी हाय. पातेलं एकच हाय. आता तुमी सांगा, उद्या वाढाय कुठनं सुरवात करायची?"

मागच्या रांगेतून जो आवाज उठला तो मी आजवर कुठल्या मोर्चात ऐकलेला नाही. आणि दुसऱ्या दिवशी खरंच मागून वाढलं. आम्हा पुढच्यांच्या वाट्याला फरसाण आलं. मी चिडून म्हणाले, "सर, अर्थ कळला हो, पण कट?"

"अर्थ कळला की तोंड असंच हुतंय," सर म्हणाले.

एक बाहुलीही होती. तान्ह्या बाळाएवढी, रबराची, श्वास कसा द्यायचा ते शिकायला. दर नव्या तुकडीत सर तिचं बारसं करायचे. पाळण्याऐवजी साडीची झोळी, हातात घुगऱ्या, कानात कुर्रर्र. एवढ्या बारशांनंतर त्या बाळाला इतकी नावं होती की हाक मारायची पंचाईत. पण त्यानंतर कुणी तिला पाय धरून उचललं तर सर कळवळायचे, "लेकरू हाय त्ये! दुधाची पिशवी न्हवं!" एका साहेबांनी तपासणीला आल्यावर त्या बाहुलीला कपाटात कोंबलं, तेव्हा आमच्या तुकडीतल्या तिघी-चौघी "अहो, मान! मान धरा!" म्हणून ओरडल्या. साहेब दचकले. त्यांनी बाहुली परत काढली आणि मान धरून ठेवली.

*

आता चहाची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय सर कळणार नाहीत.

आमच्याकडे पाहुण्याला चहाशिवाय सोडत नाहीत आणि नर्सबाईला तर नाहीच. त्यामुळे गावात सर्वेक्षणाला जायचं म्हणजे काय होतं? सडकेवरून शिरलं की पहिलं घर सरपंचांचं. चहा. पुढचं घर त्यांच्या भावकीचं. चहा आणि पोहे. मग पतसंस्थेचे अध्यक्ष, मग माजी अध्यक्ष. गावाच्या टोकाला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर, पोट तुडुंब, आणि टोकाच्या गल्लीतली माणसं केव्हाच कामावर गेलेली. मग आपण दाराला कुलूप बघायचं आणि लिहायचं, 'घर बंद'.

सरावाच्या पहिल्या दिवशी आमचं अगदी असंच झालं. शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी सर एका कट्ट्यावर पाय हलवत बसले होते. "या," ते म्हणाले, "ढेकर देत देत आरोग्यसेवा आली."

गल्लीत एका आजीचं घर तेवढं उघडं होतं. आजी म्हणाल्या, "बसा बायांनो, चहा टाकतो."

आमच्यातली एक पटकन म्हणाली, "नको आजी, आत्ताच झाला."

तिच्या मनात काही नव्हतं, तिच्या पोटात खरंच जागा नव्हती. पण सरांचं हलणारं पाऊल थांबलं.

"माझं गाव गडमुडशिंगी," ते परत येताना म्हणाले, आमच्याकडे न बघता. "विहाराच्या मागची गल्ली आमची. लहानपणी नर्सबाई यायच्या त्या गल्लीच्या तोंडाला उभं ऱ्हाऊन नाव पुकारायच्या. आई दर बारीला चुलीवर आधण ठेवायची त्यांच्यासाठी. बाई आत कवाच आल्या न्हाईत." थोडं चालून झाल्यावर ते म्हणाले, "तो चहा आमीच प्यायचो. लई चहा पिलाय मी लहानपणी."

मग गंभीर झाल्याची लाज वाटल्यासारखे ते एकदम ओरडले, "म्हणून उद्यापासनं पहिला चहा शेवटच्या घरात! तितनं उलटं यायचं सरपंचाकडं. कळलं?"

संध्याकाळी परत आल्यावर ते एकेकीला विचारायचे, "पहिला चहा कुठं झाला?" आणि आम्ही खोटं बोललो की तोंडापाशी नाक आणून म्हणायचे, "वेलदोडा! खोटं बोलू नगंस. सरपंचाकडं गेलतीस."

मध्यंतरी वरून फर्मान आलं की प्रशिक्षण आता मोबाईलवर होईल. बायकांनी घरी बसून चित्रफिती बघाव्यात आणि उत्तरांवर बोट ठेवावं. दार हॉलमधून हलवा, असंही कुणीतरी म्हणालं. सरांनी उत्तर पाठवलं की दार हलवायला हरकत नाही, फक्त आत माझी सून आहे, आठवा महिना आहे. पुन्हा कुणी विचारलं नाही.

*

प्रमाणपत्र दिलं की संपलं, असं सरांचं नव्हतं. आपापल्या उपकेंद्रावर गेलेल्या मुलींना भेटायला ते स्कूटरवरून जिल्हाभर फिरत. माझी नेमणूक शाहूवाडीच्या डोंगरात झाली. सर आले त्याच दिवशी नेमका माझ्या जिवाला घोर लागलेला होता.

वर धनगरवाड्यावर एक सून होती. पहिलटकरीण, आठवा महिना. आदल्या दिवशी पायावर सूज होती, त्या सकाळी तोंडावर आलेली. डोकं ठणकतंय म्हणत होती. बीपीचा आकडा बघून माझंच डोकं ठणकायला लागलं. अशा वेळी झटके येऊ शकतात; आई जाते, बाळ जातं, कधी दोघंही. तिला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं होतं. मी डॉक्टरांना फोन केला होता, रुग्णवाहिका खाली डांबरी सडकेवर येऊन उभी होती, आणि सूनच म्हणत होती, मी येणार नाही. मी हात जोडले, रागावले, रडलेसुद्धा. शेवटी कुणी मोठं माणूस बोलवावं म्हणून उतरले, तर खाली सर स्कूटर लावत होते.

"सासू आडवी आली असंल," सर म्हणाले. सासू नाही म्हणून मी सांगायला गेले, पण त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली की माझं ऐकतंय कोण. आयुष्यभर ज्या भूमिकेचा सराव केला ती समोरून बघायला मिळणार होती. चढण चढताना धापा टाकत ते तालीम करत होते. "ती म्हणंल, आमची बाळंतपणं घरातच झाली. मग मी काय म्हणायचं? ती म्हणंल, देवऋषी नको म्हणतोय. मग मी म्हणायचं, देवऋष्यालाबी बोलवा. ती दार लावंल. लावू दे. मी बसतो उंबऱ्यावर, पाणी मागतो."

वर पोचलो. दार नव्हतंच. उघडं अंगण, आणि अंगणात सासू उभी.

"या की सर, या! बरं झालं आलासा."

सर चपापले. "मी... जरा पाणी मिळंल काय?"

"पाणी काय, ताक घ्या. पर आदी हिला घेऊन जावा."

"म्हंजे तुमी पाठवाय तयार हाय?"

"तयार हाय म्हंजे? सकाळधरनं जा जा म्हणून घसा बसला माझा!"

इतका हिरमुसला झालेला माणूस मी पाहिला नाही. ते तरीही एकदा म्हणाले, "पण तुमच्या टायमाला बाळंतपणं घरातच..."

"माझी दोन गेली घरात," सासू म्हणाली. "म्हणून तर म्हणतोय, न्या."

सरांनी हळू आवाजात विचारलं, "मग नको कोण म्हणतंय?"

सासूने गोठ्याकडे बोट केलं. तिथे सून बसली होती, सुजलेले पाय पसरून, भिंतीला टेकून. आणि तिच्या शेजारी एक म्हैस, सून कुठे जाते का बघत, पहाऱ्यावर उभी.

"ही चंद्री," सून म्हणाली. आमची ओळख करून द्यावी तशी.

चंद्रीचं रेडकू महिन्यापूर्वी गेलं होतं. रेडकू नाही म्हणून ती कुणालाच दूध देईना, फक्त या सुनेला द्यायची. चंद्री रेडी असल्यापासून तिनेच वाढवलेली. सासूची बोटं सांधेदुखीने वळलेली. नवरा शिरोलीला फौंड्रीत, सुट्टीला यायचा. मागच्या सुट्टीला त्याने धार काढायचा प्रयत्न केला आणि चंद्रीने त्याला शेणाच्या पाटीत बसवलं. शेजाऱ्यांनी प्रयत्न केले, शेजारी लंगडत गेले.

"सर," सून शांतपणे म्हणाली, "तुमचं सगळं बरोबर हाय. बाईंचंबी बरोबर हाय. पर सांजच्याला हिची धार कोण काढणार? कास दगड हुईल तिची. तटातटा फुटंल. मुकं जनावर हाय, ते कुणाला सांगणार? मी न्हाय यायची."

सरांनी आयुष्यात सगळ्यांची सोंगं आणली होती. सासू, आजोबा, कामगार, देवऋषी, एकदा तर रुसलेला जावई. म्हैस राहून गेली होती.

"मी काढतो धार," सर म्हणाले. "मुडशिंगीचा हाय. लहानपणापास्नं काढतोय."

त्यांनी बाह्या सरसावल्या, बादली घेतली, खाली बसले. चंद्रीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग बादली एकीकडे, चष्मा दुसरीकडे आणि सर तिसरीकडे.

"हिचं लुगडं नेसा," सासू म्हणाली. "अंगावरचंच. न धुतल्यालं. वासानं फसंल ती."

आणि इथे गंमत बघा. ज्या माणसाने हॉलमध्ये वर्षानुवर्षं डोक्यावर पदर घेतला, तो लाजला. कानापर्यंत लाल झाला. वाड्यावरची माणसं एव्हाना बांधावर येऊन बसली होती, कुणाकुणाच्या हातात मोबाईल होते.

"हॉलमधी ठीक हाय गं," सर माझ्या कानाशी कुजबुजले. "हितं गाव बघालंय. कोल्हापूरभर फिरंल तो व्हिडिओ. मिशा हायत मला."

"सर," मी म्हणाले, "तिचं डोकं सकाळपासून ठणकतंय."

सरांनी सुनेकडे पाहिलं. ती डोळे मिटून कपाळ दाबत होती. मग ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोरी, तुझं लुगडं देतीस काय? माझ्याकडं न्हाय."

ती पहिल्यांदाच हसली. आत जाऊन लुगडं बदलून आली आणि अंगावरचं सरांना दिलं. सर ते पँटवरूनच नेसले. सासूने स्वतः निऱ्या खोचल्या. बांधावरचा एक म्हातारा ओरडला, "नादखुळा!" आणि मी सगळ्यांना मोबाईल खिशात घालायला लावले. एकाने घातला नाही, पण चंद्रीने त्याच्याकडे बघितल्यावर घातला.

"नुसतं नेसून चालणार न्हाय," सून म्हणाली. "तिच्याशी बोलाय लागतंय."

"काय बोलतीस?"

सुनेने सासूकडे चोरून बघितलं. "असंच. दिवसभराचं."

"म्हंजे काय गं?"

"आत्याबाईंच्या कागाळ्या," ती पुटपुटली.

"काऽय?" सासू म्हणाली.

सर चंद्रीच्या बाजूला बसले. पदर पुढे ओढला. पदराखालचा त्यांचा जो आवाज मी पूर्वी ऐकला होता तो सासूचा, दारामागचा, वरचढ. आता त्यांनी सूर लावला तो खालचा, थकलेला, दिवसभर राबून संध्याकाळी गोठ्यात येऊन बसलेल्या पोरीचा.

"काय सांगू बया चंद्रे," सर म्हणाले, "आज पुन्हा भाकरी करपली म्हणाली गं म्हातारी."

"कवा म्हणलो मी?" सासू.

"गप बसा आजी," बांधावरून आवाज आला.

"माझं पाय सुजल्यात, तर म्हणती, तुला पाणी भराय नको म्हणून सुजल्यात..."

"एकदाच म्हणलो! एकदाच! आणि ते बी मस्करीत!"

"... नवरा सुट्टीला येतोय तो तिच्याच कुशीत बसतोय. मला इचारतंय कोण? तू तेवढी हाईस बघ."

चंद्रीचे कान हलायचे थांबले. तिने लांब नाकाने सरांच्या पाठीवरचा पदर हुंगला. एकदा हुंगला, परत हुंगला, आणि एक मोठा सुस्कारा सोडला. बादलीत पहिली धार वाजली.

सर कागाळ्या करत राहिले, धारा वाजत राहिल्या, फेस वर येत गेला. मी सुनेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगते, त्यात थोडा मत्सरही होता.

"एवढ्यात पान्हावलीस व्हय गं?" ती म्हशीला म्हणाली. मग भिंतीला धरून उठली, पायात चपला सरकवल्या आणि माझ्याकडे वळली. "चला बाई."

वाड्यावरच्या गड्यांनी तिला खुर्चीत बसवून डोंगर उतरवला. सासू तिच्या शेजारून चालत होती आणि वाटभर एकच बोलत होती, "अगं, मस्करीत म्हणलो गं." रुग्णवाहिकेत चढताना सून तिचा हात धरून म्हणाली, "ठावं हाय, आत्याबाई." दवाखान्यात सगळे आधीच तयार होते. बाळाला लवकर काढावं लागलं. मुलगी झाली, मूठभर, पण आवाज कोल्हापूरचा. आई काही दिवस तिथेच राहिली, बीपी खाली येईपर्यंत.

आणि सर? सर वरच राहिले. सकाळची धार, संध्याकाळची धार. कार्यालयात रजेचा अर्ज गेला, कारण 'घरगुती अडचण'. नवी तुकडी हॉलमध्ये दारासमोर ताटकळत बसली होती. संध्याकाळी बांधावर धनगरवाडा जमायचा, सरांच्या कागाळ्या ऐकायला. सासूही यायची. आधी ती प्रत्येक आरोपाला उत्तर द्यायची, मग नुसती ऐकायला लागली, आणि शेवटी शेवटी स्वतःच सुचवायची, "ते पाण्याचं सांगितलंसा काय? सांगा. खरं हाय ते."

सून बाळाला घेऊन घरी परत आली त्या दिवशी सर कोल्हापूरला गेले. मला वाटलं, झालं, गोष्ट संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूचा फोन. "बाई, ही धारंला बसली तर चंद्रीनं बादली उडवली. दवाखान्याचा वास येतोय हिच्या अंगाला, का लेकराचा येतोय, काय की. दूध द्यायलीच न्हाय. सारखी वाटंकडं बघतीया. तुमी आमच्या त्या थोरल्या सुनंला लावून द्या की जरा."

मी सरांना फोन लावला. ते हॉलमध्ये होते, दारामागे असणार. पलीकडून मुलींचा "मावशी, दार उघडा" असा कालवा ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं. बाहेरच्या मुली दार बडवत होत्या.

मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं, त्यांनी विचारलं, "लुगडं धुतलं न्हाय न्हवं अजून?"